कोड : लपवण्यात निसटणारी वर्षे

"डॉक्टर, आधी दार लोटून घेते," असे म्हणत एक मध्यमवयीन बाई आत आल्या. मागोमाग त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी. मे महिन्याचा उकाडा, तरी तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस आणि गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली ओढणी. खुर्चीवर बसता बसता बाईंनी दुसरी विनंती केली, "केसपेपरवर हिचं नाव तेवढं लिहू नका. आमच्या सोसायटीतल्या एक बाई इथंच येतात."

मुलीच्या डाव्या डोळ्याच्या कडेला, दोन्ही मनगटांवर आणि कमरेभोवती खडूसारखे पांढरे डाग होते. पहिला डाग दहावीच्या सुटीत दिसला होता. म्हणजे तीन वर्षांपूर्वी. तेव्हा तो तुरीच्या दाण्याएवढा होता. मधल्या काळात दूध-मासे बंद झाले, मग दही, लिंबू, चिंच, टोमॅटो बंद झाले. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून पार्सलने औषध मागवून झाले. एका नातेवाइकांनी दिलेले मलम सव्वा वर्ष लावून झाले. आणि या सगळ्याचा वृत्तान्त संपवताना त्या माउली किंचित अभिमानाने म्हणाल्या, "पण एवढ्या वर्षांत कुणाला कळू दिलं नाही बघा."

कोडाच्या रुग्णांच्या कहाण्या थोड्याफार फरकाने अशाच असतात. त्यातले मुलीचे हाल कुणालाही दिसतील. पण त्या तीन वर्षांत त्वचेच्या आत काय निसटून गेले, ते सहसा कुणी सांगत नाही. या लेखाचा विषय मुख्यतः तोच आहे.

नावातला घोटाळा

'कोड' हा शब्द 'कुष्ठ' या संस्कृत शब्दावरून घासत घासत आला. हिंदीत त्याच मुळापासून आलेला 'कोढ' आजही महारोगासाठी वापरला जातो. मराठीत मात्र तो पांढऱ्या डागांना चिकटला. शब्द सरकला, पण त्यामागची भीती सरकली नाही. कोड असलेल्या माणसाच्या पंगतीला बसायला कचरणाऱ्यांच्या मनात नकळत दुसराच आजार असतो. गंमत अशी, की आपल्या जुन्या वैद्यकाने हा भेद ओळखला होता. अथर्ववेदात 'किलास' या नावाने पांढऱ्या डागांचा उल्लेख येतो, आणि किलास केवळ त्वचेपुरता असतो, त्यातून स्राव होत नाही, म्हणून तो कुष्ठाहून वेगळा, असे सुश्रुताने नोंदवून ठेवले आहे.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याचा चट्टा बहुधा फिकट किंवा लालसर असतो, पूर्ण पांढरा नसतो, आणि पुष्कळदा त्या जागी स्पर्श कळत नाही. कोडाच्या डागावर मुंगी चालली तरी कळते. कोडात जंतू नाहीत, त्यामुळे ते स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकमेकांचे कपडे वापरल्याने किंवा वैवाहिक संबंधांतून पसरत नाही. (कुष्ठरोगदेखील आता सहा ते बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने बरा होतो, आणि त्या रुग्णांनाही वाळीत टाकण्याचे काही कारण उरलेले नाही, हे जाता जाता सांगायला हवे.)

उलट, प्रत्येक पांढरा डाग म्हणजे कोड नव्हे. लहान मुलांच्या गालांवरचे फिकट, किंचित खरखरीत चट्टे पाहून घरोघरी जंतांचे औषध दिले जाते. ते ना जंतांमुळे असतात, ना कोडाचे. पावसाळ्यात छातीपाठीवर उठणारी शिबी बुरशीमुळे येतात आणि साध्या औषधाने जातात. भाजल्यानंतर राहिलेला पांढरा वण हा आणखी वेगळा प्रकार. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाचा अतिनील प्रकाशाचा दिवा धरला की कोडाचा डाग निळसर-पांढरा उजळून निघतो, आणि डोळ्यांना अद्याप न दिसणारे डागही त्यात दिसतात. तपासणी पाच मिनिटांची असते. तीन वर्षे अनुमानावर काढण्यापेक्षा ती कितीतरी सोपी.

घरचाच पहारेकरी उलटतो

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि आपल्या फांद्यांसारख्या टोकांनी आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. एक रंगपेशी साधारण छत्तीस शेजारी पेशींना रंग देते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्यांनी बनवलेल्या रंगकणांच्या आकारात, प्रमाणात आणि वाटपात. कोडात या रंगपेशीच नाहीशा होतात.

त्या नाहीशा करणारा बाहेरचा कुणी नसतो. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील टी-पेशी, ज्यांचे काम विषाणूबाधित पेशी हुडकून मारणे हे असते, त्या रंगपेशींनाच शत्रू समजू लागतात. त्यांच्याकडून इंटरफेरॉन गॅमा हे रसायन स्रवते. त्याच्या प्रभावाने त्वचेतील पेशी आणखी टी-पेशींना बोलावणारे संदेश सोडतात, आणि हल्ला वाढत जातो. यालाच स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. थायरॉइडचे काही विकार, लहानपणी होणारा इन्सुलिनावलंबी मधुमेह, डोक्यावर गोल चाई पडणे ही याच कुळातली भावंडे आहेत. म्हणूनच कोडाच्या रुग्णाची थायरॉइडची रक्ततपासणी करावी लागते. ही तपासणी लिहून दिली की "डाग कातडीवर आणि तपासणी गळ्याची?" असा प्रश्न हमखास येतो. पण काही रुग्णांत थायरॉइडचा दोष असा आधीच सापडतो आणि वेळेवर उपचार होतात.

जगात साधारण शंभरातल्या एका माणसाला कोड असते. निरनिराळ्या देशांत हे प्रमाण अर्धा ते दोन टक्के आढळले आहे. स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत, गोरे-काळे असा भेद तो करीत नाही. फक्त सावळ्या त्वचेवर तो ठळक दिसतो, आणि दिसण्यावर जिथे माणसाची किंमत ठरते तिथे तो जास्त छळतो. निम्म्याच्या आसपास रुग्णांत पहिला डाग विशीच्या आत येतो. नेमके शिक्षणाचे आणि लग्नाचे वय.

आनुवंशिकतेची भीतीही वास्तवापेक्षा मोठी आहे. जनुकांचा वाटा आहे, यात शंका नाही; पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत रुग्णांच्या भावंडांमध्ये कोडाचे प्रमाण सुमारे सहा टक्के आढळले. त्याहून बोलका आकडा जुळ्यांचा. ज्यांची जनुके तंतोतंत सारखी, अशा एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही ते असण्याचे प्रमाण केवळ २३ टक्के होते. म्हणजे जनुके वाट मोकळी करून देतात. त्या वाटेने आजार येतोच असे नाही.

नाडी, टिकली आणि हातमोजे

आजार सक्रिय असताना त्वचेला जिथे वारंवार घर्षण किंवा इजा होते तिथे नवा डाग उमटतो. त्या मुलीच्या कमरेभोवतीचा पट्टा कशाचा होता हे ओळखायला वेळ लागला नाही. घट्ट बांधलेली नाडी. परकराच्या नाडीने कमरेवर उमटलेले डाग आमच्याकडच्या स्त्रियांत नेहमी दिसतात. घड्याळाचा घट्ट पट्टा, चपलेचा अंगठा, आंघोळीच्या वेळी जोरजोराने फिरवलेली वज्री, पुरुषांच्या दाढीच्या जखमा हे त्याचेच प्रकार. डाग "निघून जावा" म्हणून तो घासणारे रुग्ण कमी नाहीत. त्यांना डाग वाढल्याचेच दिसते. रुंद, मऊ पट्टी असलेले कपडे, सैल नाडी, घासण्याऐवजी हाताने साबण लावणे एवढ्या साध्या गोष्टींनी पुष्कळ डाग टळतात. या सल्ल्याला काही खर्च नाही, म्हणूनच बहुधा तो कुणी गांभीर्याने घेत नाही.

दुसरा धोका काही रसायनांचा. टिकलीच्या मागच्या गोंदात वापरले जाणारे ब्युटाइल फिनॉल जातीचे रसायन रंगपेशींना विषारी ठरू शकते. कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा पांढरा ठिपका दिसला की निदान स्वतःहून समोर येते. रबरी चपलांच्या पट्ट्यांखाली आणि काही केशकलपांमुळे कपाळाच्या कडेलाही असे डाग येतात. ते नेमके कशाने आले हे ओळखून ती वस्तू तत्काळ बंद केली तर काही डाग भरून येतात. दुर्लक्ष केले तर पुढे सर्वसाधारण कोडाला सुरुवात होऊ शकते. जपानमध्ये २०१३ साली त्वचा उजळवणारी काही प्रसाधने बाजारातून परत घ्यावी लागली, ती त्यांतल्या रोडोडेनॉल या घटकाने हजारो ग्राहकांच्या चेहऱ्यावर व हातांवर पांढरे डाग पडल्यामुळे. गोरे होण्याच्या हौसेची ही किंमत.

या संदर्भातली एक हकिकत मला फार विलक्षण वाटते. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चर्मोद्योगातील कामगारांच्या हातांचा रंग गेल्याचे आढळले. शोध घेता कारण निघाले त्यांच्या रबरी हातमोज्यांत मिसळलेले मोनोबेंझिल इथर. पुढे हेच रसायन औषध बनले. ज्यांच्या अंगावरचा बहुतांश रंग गेला आहे आणि परत येण्याची आशा नाही, अशा रुग्णांच्या उरलेल्या सावळ्या ठिपक्यांचा रंग काढून सर्वांग एकसारखे करण्यासाठी ते वापरले जाते. हा उपाय कायमचा असतो, त्यातून मागे येता येत नाही, आणि त्यानंतर आयुष्यभर उन्हापासून जपावे लागते. त्यामुळे तो मोजक्याच रुग्णांसाठी आहे. गायक मायकेल जॅक्सन यांनी आपल्याला कोड असल्याचे १९९३ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले, तेव्हा अनेकांनी ते खोटे मानले. २००९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनात ते खरे ठरले. २५ जून हा त्यांचा मृत्युदिन २०११ पासून जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो.

आहाराविषयी थोडक्यात. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होते, आंबट खाल्ल्याने वाढते, पांढरे पदार्थ खाल्ल्याने डाग पांढरे होतात, यांपैकी एकाही समजुतीला पुरावा नाही. तसे असते तर कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, जिथे माशांच्या जेवणावर सोलकढी आणि दहीभात दोन्ही चालतात, हा आजार घराघरांत दिसला असता. वाढत्या वयाच्या मुलाचे दूध, दही, फळे तोडून त्याला अशक्त करण्यात मात्र काहीच शहाणपण नाही.

विझवणे वेगळे, पेरणे वेगळे

कोडाच्या उपचारांत दोन कामे असतात. पहिले काम, चाललेला हल्ला थांबवणे. दुसरे, गेलेला रंग परत आणणे. आग विझल्याशिवाय पेरणी करता येत नाही, आणि आग विझली म्हणजे पीक उगवले असेही नाही. बहुतेक रुग्ण फक्त दुसऱ्या कामाची वाट पाहतात आणि महिन्याभरात रंग दिसला नाही की डॉक्टर बदलतात. डाग वाढायचे थांबले आहेत, हेच त्या महिन्यांचे यश असते, ते त्यांच्या नजरेतून सुटते.

हल्ला वेगाने चालू असेल तर पोटातून स्टेरॉइड द्यावे लागते, पण रोज नव्हे. आठवड्यातून सलग दोनच दिवस मोजकी मात्रा देण्याची पद्धत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९९३ मध्ये मांडली आणि ती आता जगभर वापरली जाते. स्टेरॉइडची मलमेही उपयोगी पडतात, परंतु ठरावीक मुदतीपुरती. पापण्या, चेहरा, जांघा अशा नाजूक जागी ती महिनोन्महिने लावली तर त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात. चेहऱ्यावर मुरुमे येतात. त्या मुलीला नातेवाइकांनी दिलेली ट्यूब स्टेरॉइडचीच होती, आणि ती तिने सव्वा वर्ष डोळ्याच्या कडेला लावली होती. चेहऱ्यासाठी त्याऐवजी टॅक्रोलिमस हे मलम अधिक सुरक्षित असते.

आता रंगाच्या पेरणीचे बियाणे कुठून येते, ते पाहू. डागातल्या रंगपेशी संपलेल्या असतात. पण केसांच्या मुळांशी असलेल्या पिशव्यांत रंगपेशींच्या मूळपेशींचा एक साठा दडलेला असतो, आणि तो बराच काळ शाबूत राहतो. उपचारांना यश येऊ लागले की पांढऱ्या डागात प्रत्येक केसाच्या भोवती तपकिरी ठिपका उमटतो. आधी मोहरीएवढे, मग ज्वारीएवढे, आणि मग ते एकमेकांना मिळतात. ज्या दिवशी रुग्णाला हे ठिपके पहिल्यांदा दाखवता येतात, तो आमच्या व्यवसायातला आनंदाचा दिवस असतो.

यावरूनच आणखी दोन गोष्टी ध्यानात येतात. ओठ, बोटांची टोके, तळहात इथे केस नसतात, म्हणून तिथला रंग परतणे कठीण. आणि डागातले केसही पांढरे झाले असतील तर त्या जागचा साठा संपल्याची ती खूण असते. डाग जितका जुना, तितकी ही शक्यता जास्त. तीन वर्षे लपवण्यात निसटते ते हेच. तुरीच्या दाण्याएवढ्या, काळे केस असलेल्या डागावर जे औषध सहा महिन्यांत काम करते, तेच तीन वर्षांनी पसरलेल्या आणि केस पांढरे झालेल्या डागावर हतबल होते. त्या मुलीच्या डाव्या पापणीचे चार केस पांढरे झाले होते. आईला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

प्रकाशाची मात्रा

बावचीच्या बिया आणि ऊन हा कोडावरचा आपल्याकडचा फार प्राचीन उपचार. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ साली बावचीतून सोरॅलेन हे द्रव्य वेगळे केले. इजिप्तमध्ये नाईलकाठी उगवणाऱ्या एका रोपातही त्याच जातीचे द्रव्य होते, आणि तिथल्या डॉक्टरांनी १९४८ च्या सुमारास शुद्ध स्वरूपात ते कोडावर वापरले. त्यातूनच सोरॅलेन आणि अतिनील किरणांचा संयुक्त उपचार उभा राहिला. अर्थात, प्राचीन म्हणून तो निरुपद्रवी नाही. बावचीचे तेल लावून दुपारच्या उन्हात बसल्याने अंगभर फोड आलेले रुग्ण दर उन्हाळ्यात येतात. आणि भाजलेल्या त्या जागी कोड वाढते, ते निराळेच.

१९९७ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी दाखवले की सोरॅलेनशिवाय, केवळ ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील-बी किरणांच्या अरुंद पट्ट्याने कोडात तितकाच किंवा अधिक चांगला रंग येतो. हाच आज प्रमुख उपचार आहे. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांनाही तो देता येतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी काही सेकंद ते काही मिनिटे दिव्यांच्या कपाटात उभे राहायचे. औषध घेण्याएवढेच हे सोपे. अडचण आहे ती सातत्याची. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीन चतुर्थांशाहून अधिक रंग परत आलेल्या रुग्णांचे प्रमाण सहा महिन्यांनंतर सुमारे १९ टक्के होते, बारा महिन्यांनंतर सुमारे ३६ टक्के. म्हणजे सहा महिन्यांनी कंटाळून सोडणारा रुग्ण नेमका अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. त्याच आढाव्यात चेहरा व मान सर्वांत चांगला प्रतिसाद देतात आणि हातापायांचे पंजे जवळजवळ देतच नाहीत, हेही स्पष्ट झाले. पहिल्याच भेटीत रुग्णाला हे सांगितले पाहिजे, नाहीतर चेहरा भरून आल्यानंतरही तो बोटांकडे बघत निराश राहतो.

मुंबईत राहणाऱ्याला आठवड्यातून तीनदा लोकल पकडून दवाखाना गाठायचा, नोकरीतून सुटी मागायची आणि तीही कारण न सांगता, हे किती अवघड आहे याची डॉक्टरांना कल्पना हवी. घरी वापरता येणारी छोटी हातयंत्रे मिळतात. मोजके डाग असतील तर मलमाच्या जोडीने त्यांचा उपयोग होतो. मात्र मात्रा ठरवून देणे आणि वेळोवेळी तपासणे डॉक्टरांचेच काम आहे. 'किरण' म्हणून कुठलाही निळा दिवा विकत आणून भागत नाही.

शस्त्रक्रियेबद्दल नेहमी विचारले जाते. निरोगी जागेवरून सूक्ष्म ठिगळे घेऊन किंवा तिथल्या पेशी सुट्या करून त्यांचा द्रव डागावर पसरता येतो, आणि ओठांसारख्या हट्टी जागी त्याने चांगला रंग येतो. पण डाग किमान वर्षभर स्थिर असला पाहिजे. हल्ला चालू असताना नवे रोप लावणे म्हणजे ते शत्रूच्या हाती देणेच. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा येणारा कोडाचा एक प्रकार असतो. तो बहुधा लहान वयात येतो, साधारण वर्ष-दोन वर्षांत थांबतो आणि पुढे वाढत नाही. या प्रकाराला शस्त्रक्रिया विशेष लागू पडते.

अलीकडच्या काळात मोठा बदल घडला तो जेएके-रोधक औषधांनी. इंटरफेरॉन गॅमाचा संदेश पेशीच्या आत ज्या विकरांमार्फत पोहोचतो, तीच ही औषधे रोखतात. रुक्सोलिटिनिब या औषधाच्या दीड टक्का मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली. कोडात रंग परत आणण्यासाठी तिथे मंजूर झालेले ते पहिले औषध. चाचण्यांत चोवीस आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरील तीन चतुर्थांश डाग भरले, आणि वर्षभराने हे प्रमाण सुमारे निम्म्यावर गेले. पुन्हा तोच धडा, वेळ देण्याचा. याच गटातील टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या काही रुग्णांना डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. त्या सुरू करण्यापूर्वी क्षयरोगासह अन्य तपासण्या आवश्यक असतात, कारण संरक्षणव्यवस्थेचा हात आखडला की दबलेला जंतू डोके वर काढू शकतो. आपल्या देशात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. औषध दुकानदाराला विचारून घेण्याच्या या गोळ्या नव्हेत.

आणि रंग आल्यानंतरही गोष्ट संपत नाही. काही टी-पेशी त्वचेतच मुक्काम ठोकून राहतात आणि जुन्या जागीच पुन्हा डाग उमटतो. फ्रान्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार थांबवलेल्यांपैकी ४० टक्के रुग्णांत रंग पुन्हा गेला. भरलेल्या जागी आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावत राहिलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्याही आत राहिले. आठवड्यातले दोन दिवस, एवढीच ती राखण.

जाहिराती आणि पत्रिका

'पांढरे डाग, सात दिवसांत रंग बदलण्यास सुरुवात' या धर्तीच्या जाहिराती आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आता त्या मोबाइलवर येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'जे' अनुसूचीत ज्या आजारांवर रामबाण इलाजाचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही अशांची यादी आहे, आणि तीत पांढऱ्या डागांचा समावेश आहे. म्हणजे खात्रीने बरे करण्याची हमी देणारी जाहिरात कायद्यालाच धरून नसते. पार्सलने येणाऱ्या त्या बाटलीत काय आहे हे लिहिलेले नसते, आणि काम न झाल्यास रुग्ण तक्रारही करीत नाही, कारण तक्रार करायची तर आजार सांगावा लागेल. या धंद्याचे भांडवल औषध हे नसून गुप्तता हे आहे.

लग्नाच्या बाबतीतही कायद्याचा धाक उगीचच दाखवला जातो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख होता, तोही २०१९ मध्ये वगळण्यात आला. कोड त्या यादीत कधीच नव्हते. तरीही "धाकटीचं जमायचं आहे, तोवर थोरलीला दवाखान्यात नेत नाही" असे सांगणारे पालक भेटतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या मुलीला नाकारणारी स्थळे त्यांनी पाहिलेली असतात. पण लपवून जमवलेले लग्न डाग दिसताच संशयाच्या गर्तेत सापडते, तर आधी सांगून, डॉक्टरांकडून दोन्ही घरांनी शंका फेडून घेऊन जमलेली लग्ने टिकलेली मी पाहिली आहेत. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या २००६ सालच्या चित्रपटाची नायिका कोड असलेली तरुणी आहे; तो घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा, असे मी सुचवतो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली श्वेता असोसिएशन रुग्णांना एकत्र आणते, स्वमदत गटाच्या बैठका भरवते. दार लोटून न घेता बोलणारी माणसे तिथे भेटतात. काहींना मानसोपचारतज्ज्ञांची मदतही लागते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. दरम्यान डाग झाकणारी रंगप्रसाधने वापरायलाही हरकत नाही. उघड्या डागांना ऊन लवकर भाजते, तेव्हा तिथे सनस्क्रीन लावावे.

ती मुलगी दीड वर्ष उपचारांना आली. आधी कमरेची नाडी सैल झाली आणि सव्वा वर्षाची ट्यूब बंद झाली, मग गोळ्या, मग आठवड्यातून दोनदा किरणे. पहिले चार महिने काहीच दिसले नाही. फक्त नवा डाग आला नाही. पाचव्या महिन्यात डोळ्याच्या कडेला ठिपके आले. चेहरा जवळजवळ पूर्ण भरला, कंबर निम्म्याहून अधिक. मनगटांवरचे डाग थोडे आकसले, गेले नाहीत. पापणीचे ते चार केस पांढरेच राहिले. थायरॉइडची गोळी मात्र कायमची सुरू झाली, कारण रक्ततपासणीत दोष निघाला होता. मधल्या एका फेरीत ती अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून एकटीच आली. केसपेपर नूतनीकरणासाठी खिडकीवर दिला, तेव्हा आतल्या कर्मचाऱ्याने नाव विचारले. तिने ते आडनावासकट मोठ्याने सांगितले.